एकशे सदतीस बाळकृष्ण

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नांदेवाडीत माझ्या गोष्टींवर तसाही कुणी विश्वास ठेवत नाही. पण बाकीच्या गोष्टींना मी थोडी फोडणी दिलेली असते, हिला मोहरीचा दाणाही लावलेला नाही. आमच्या देवघरातला बाळकृष्ण, रांगता, पितळेचा, अंगठ्याएवढा, एका रविवारी दुपारी एकशे सदतीस बाळकृष्णांच्या घोळक्यातून बाहेर पडला आणि गुडघ्यांवर रांगत माझ्याकडे आला.

परवा हे वाक्य मी मृणाल कणसेपुढे टाकलं, तेव्हा तिनं हातातला टॅब मांडीवर उपडा ठेवला. मृणाल ही आमच्या टेकडेश्वर देवस्थानची सध्याची विश्वस्त, जुने अध्यक्ष आबासाहेब कणसे यांची सून. मुलगी हुशार, बोलायला गोड. देवस्थाननं आता अशी सोय केली होती की घरबसल्या फोनवर एक बटण दाबायचं. मग टेकडीवर पुजारी तुमच्या नावानं तुमची रोजची पूजा करणार आणि तुम्ही ती चहा पिता पिता बघणार. सत्त्याहत्तराव्या वर्षी मला पाटावर बसणं-उठणं जड जात असेल, म्हणून ती सगळ्यांत आधी आमच्याकडे आली होती. माझी बायको प्रमिला समोरच गवार मोडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"सूनबाई," मी म्हटलं, "ही योजना तुझ्या सासऱ्यांनी एकतीस वर्षांपूर्वीच काढली होती. फक्त बटण नव्हतं."

तेव्हा मी इथला पोस्टमास्तर होतो. टेकडेश्वर म्हणजे एक पिंड, एक नंदी, एक पिंपळ आणि एक धोंडू गुरव, एवढाच संसार. सोमवारी बायका बेल वाहून यायच्या, शिवरात्रीला चार गाड्या यायच्या, की झालं. मग आबासाहेब अध्यक्ष झाले. त्यांचा मूळ धंदा मांडव, आचारी आणि मंगल कार्यालय. कार्यालय आणि देऊळ यांत त्यांना एकच फरक दिसला: कार्यालयाला मुहूर्त लागतात, देऊळ बारमाही चालतं. त्यांनी दोन वर्षांत टेकडीला लोखंडी कठडे घातले, दर्शनाच्या तीन रांगा केल्या, घंटेला कुलूप लावलं आणि ती वाजवायची पावती ठेवली. नारळ फोडायला यंत्र आणलं. साधी रांग इतकी लांबली की खालच्या पायरीवर ज्यांची ओळख झाली त्यांचं मधल्या पायरीवर लग्न ठरलं, आणि गाभाऱ्यात पोचेपर्यंत त्यांना मुलगी झाली. तिचं नाव रांगोळी ठेवलं.

"काका," मृणाल म्हणाली.

"बरं, मुलगी सोडून दे. रांग होती."

त्या उन्हाळ्यात आबासाहेबांनी देवस्थानतर्फे चारधामची यात्रा काढली, चाळीस दिवसांची. गावातल्या निम्म्या बायका निघाल्या. त्यात प्रमिला होती आणि आमच्या समोरच्या घरातल्या नलूवहिनी खटावकर होत्या. नलूवहिनींचे यजमान म्हणजे सदाशिव खटावकर, घड्याळजी. डोळ्यात ते काळं भिंग अडकवून दिवसभर दुसऱ्यांच्या वेळेत डोकावणारा माणूस.

यात्रेच्या पत्रकाच्या तळाशी आणखी एक सोय छापली होती. 'तुम्ही यात्रेला निर्धास्त जा. तुमचे घरचे देव आमच्याकडे.' भक्तनिवासाच्या मागच्या दालनात देव-निवास काढला होता. घरचे देव तिथे नेऊन ठेवायचे, पावती घ्यायची, परत आल्यावर पावती दाखवून न्यायचे. मधल्या काळात पूजाअर्चा देवस्थान बघणार. मी ते पत्रक प्रमिलाला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती पोळ्या लाटत होती. घरचे देव असे कुणाकडे ठेवायला ते काय पाहुणे आहेत, म्हणाली, आणि तुम्ही आहात की घरात. मी म्हटलं, आहे, अगदी आहे. मग निघायच्या आदल्या दिवशी तिनं मला देवघरापुढे उभं केलं आणि काय कधी कसं ते सगळं सांगितलं. मी दर वाक्याला मान हलवत होतो. पोस्टात लोक तक्रार सांगायला आले की मी जशी हलवायचो, तशी.

शेवटी ती एवढंच म्हणाली, "बाकी राहिलं तर राहू दे. माझ्या बाळकृष्णाला तेवढं विसरू नका."

तो बाळकृष्ण तिच्या आईनं लग्नात तिच्या ओटीत घातलेला. तिची आई त्यानंतर चार महिन्यांत गेली. माहेरचं म्हणावं असं तिच्याकडे तेवढंच उरलं होतं. माझ्या देवघरातले बाकीचे देव माझ्या घराण्याचे. तो एक तिचा.

यात्रेची बस गेली, आणि दुसऱ्या दिवशी मी सोवळं नेसून पूजेला बसलो. अर्धा तास लागला. तिसऱ्या दिवशी दहा मिनिटं. चौथ्या दिवशी मी उभ्या उभ्या उदबत्ती ओवाळली. पाचव्या दिवशी दारातूनच म्हटलं, मंडळी, आजचा दिवस चालवून घ्या. सहाव्या दिवशी सदाशिव घरी आला, तर तो माझ्याही पुढे गेलेला. त्यानं सगळे देव चाळणीत घालून नळाखाली धरले होते आणि तेवढ्यात अन्नपूर्णेची पळी मोरीत जाता जाता वाचली होती. आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्याच संध्याकाळी दोघांचे देव दोन पिशव्यांतून टेकडीवर गेले.

देव-निवासात लोखंडी मांडण्या होत्या, प्रत्येक घराला एक खण. कारकुनानं पावती केली, प्रत्येक देवाच्या पाठीला नंबराची चिठ्ठी चिकटवली. कॅसेटवर आरती चालू होती. मला वाटलं, आपल्या घरापेक्षा इथे यांची सोय चांगली आहे. घरी जाऊन मी महिनाभर निवांत झोपलो. एकदाही वर जाऊन बघितलं नाही.

त्या रविवारी अकराच्या सुमारास सदाशिवकडचा फोन वाजला. नाशिकहून नलूवहिनी बोलत होत्या. वरचा एक रस्ता बंद झाला म्हणून यात्रा दोन दिवस आधीच उरकली. दुपारी चारपर्यंत पोचतो, म्हणाल्या. आणि मागून प्रमिलाचा आवाज आला, तो सदाशिवनं मला जसाच्या तसा सांगितला. आल्या आल्या आधी देवाला गंगेचं पाणी घालणार आहे, पंचपात्र घासून ठेवायला सांगा.

आम्ही पावत्या घेऊन टेकडी चढलो. मी त्या दिवशी इतक्या वेगानं चढलो की माझी सावली मधल्या पायरीवर मागे राहिली, ती मला उतरताना भेटली.

देव-निवासात धोंडू गुरव डोक्याला हात लावून बसला होता. त्याच्यासमोर सतरंजी अंथरलेली आणि तीवर देव. खण सगळे रिकामे.

झालं होतं असं. रोज एवढ्या देवांना एकेक करून आंघोळ घालणं एकट्या धोंडूला होईना. तो अध्यक्षांकडे गेला. आबासाहेबांनी त्यांच्या धंद्याच्या पद्धतीनं तोड काढली. पाचशे पानांची बासुंदी होते ती कढई टेकडीवर पाठवली. त्यात चिंचेचं पाणी केलं, सगळे देव एकदम सोडले आणि जिलबीच्या झाऱ्यानं उपसून काढले. देव लखलखीत झाले. चिठ्ठ्या तळाशी राहिल्या.

"म्या सायबास्नी म्हनलं," धोंडू सांगत होता, "म्या म्हादेवाचा गुरव. मला बेल वाहता येतो. लोकांच्या घरचं देव मला कसं वळखू यावं?"

बाकीचे देव मिळाले. आमच्या टाकांच्या मागे आजोबांनी खिळ्यानं आडनाव कोरलं होतं. अन्नपूर्णा सदाशिवनं पळीवरून ओळखली, माझी मी तिच्या बसक्या नाकावरून. शंखाला टवका होता. राहिले बाळकृष्ण. ते सतरंजीच्या एका अंगाला शाळेतल्या पोरांसारखे ओळीनं लावले होते, एकशे सदतीस. सगळ्यांचा डावा हात जमिनीवर, उजव्या हातात लाडू, मान वर. सगळे माझ्याकडे बघत होते. एकाच्याही चेहऱ्यावर ओळख नव्हती.

मी आयुष्यभर पत्रांचे गठ्ठे लावले. अर्धवट पत्त्याचं पाकीट मी नुसत्या वासावरून योग्य दारी पोचवलेलं आहे. म्हणून मी आधी आकारानं लावणी केली, मग रंगानं. लावणी झाली आणि मला कळलं की आपला कुठल्या आकाराचा आणि कुठल्या रंगाचा, हेच आपल्याला ठाऊक नाही. सतरा वर्षं तो माझ्या जेवायच्या पाटापासून पाच हातांवर होता. सदाशिवनं डोळ्यात भिंग अडकवलं आणि एकेक उचलून बघायला लागला. तीसेक झाल्यावर त्यानं मला विचारलं, आमच्याला कानात काही होतं का रे. मी म्हटलं, तुझ्या घरातलं मला काय माहीत. तो म्हणाला, मला तरी कुठे माहीत आहे.

धोंडूनं मग गेल्या बुधवारची गोष्ट सांगितली. देसायांची म्हातारी आली होती, दोन्ही डोळ्यांनी अधू. तिनं सतरंजीवर बसून एकेकाच्या पाठीवरून अंगठा फिरवला. पन्नासएक झाले, आणि एकावर अंगठा थांबला. हा माझा, म्हणाली, याचं ढुंगण मीच झिजवलंय साठ वर्षं. पदरात घातला आणि चालू लागली.

"तवा बाईमानूस आना," धोंडू म्हणाला. "बाप्यांचं काम न्हाई."

बाईमाणूस चारच्या बसनं येत होतं, तीच तर अडचण होती. आम्ही दोघांनी आपापले अंगठे बघितले. त्याच्या अंगठ्याला घड्याळाचं तेल, माझ्या अंगठ्याला शिक्क्याची शाई. देवाच्या बाबतीत दोन्ही कोरे.

तेवढ्यात स्वतः आबासाहेब आले. पांढरे कपडे, गळ्यात रुद्राक्ष, बरोबर दोन माणसं. त्यांनी प्रकार ऐकून घेतला आणि ते हसले. पोस्टमास्तर, एवढ्यासाठी घाम काढता होय, म्हणाले. देव सगळे एकच. कुठलाही उचला. नाही पटत, तर दोन नवे कोरे देतो देवस्थानतर्फे, प्रतिष्ठा करून, छान डबीत घालून.

धोंडू खाली मान घालून सतरंजीवरचे देव सरळ करत होता. तसाच, मान वर न करता, तो म्हणाला, "देव सगळं येकच आसल, तर सायेब, आपली दानपेटी त्या खालच्या मारुतीपाशी ठिवायची का?"

आबासाहेबांना एकदम कुणाचा तरी फोन येणार असल्याचं आठवलं. ते गेले.

मृणाल इथे हसली. सासऱ्यांवरचं हसू सुनेला आवरत नाही, हे मी पुष्कळ घरांत बघितलं आहे. मग ती म्हणाली, पण काका, तुम्हाला तेव्हा खरंच भीती वाटत होती? मी तिला जे खरं होतं तेच सांगितलं. बायकोच्या रागाची भीती मला कधी वाटली नाही, तो मी रोज बघत होतो. पण ती एवढ्या दिवसांनी दारात येणार, पाय धुणार, गंगेचं पाणी घेऊन देवघरात जाणार, आणि तिच्या आईनं दिलेल्याच्या जागी कुणीतरी परकाच रांगत असणार. त्या वेळचा तिचा चेहरा बघायला मला उभं राहायचं नव्हतं.

गवारीच्या शेंगा मोडण्याचा आवाज जरा थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

तर, तीन वाजले. सदाशिवला धीर निघेना. त्यानं एक बाळकृष्ण उचलला, भिंगातून बघितला, उलटा करून बघितला, कानाशी धरून हलवलासुद्धा. मग गिऱ्हाइकाला जुनं घड्याळ नवं म्हणून देताना त्याचा जो आवाज लागतो त्या आवाजात म्हणाला, हाच. मी विचारलं, कशावरून. तर म्हणाला, आमचाच आहे, मला वाटतं ना. आणि धोतराचा सोगा हातात धरून पळत टेकडी उतरला. मागे वळून बघितलं नाही. ज्याची खात्री असते तो माणूस असा पळत नाही.

मी एकटा राहिलो. समोर एकशे छत्तीस.

"आता ऐक," मी मृणालला म्हटलं, "आता विश्वास बसणार नाही ते."

मला सुचलं ते असं. ओळखता आपल्याला येत नाही, तर त्याला येऊ द्यावं. मी खाली गवळ्याच्या घरी गेलो आणि ताज्या लोण्याचा एक गोळा द्रोणात घालून आणला. सतरंजीच्या टोकाला मांडी घालून बसलो, तळहातावर लोणी घेतलं, हात पुढे केला. धोंडूला म्हटलं, कॅसेट बंद कर. त्यानं बंद केली. टेकडीवर त्या दोन वर्षांत पहिल्यांदा शांत झालं. पिंपळाची पानं ऐकू आली. आणि मी म्हटलं, बाबा रे, चुकलो. मी तुला ओळखत नाही. सतरा वर्षं एका घरात राहून ओळखत नाही. पण तू तिला ओळखतोस. ती चारला येते आहे. चल घरी.

पहिलं मिनिटभर काही झालं नाही. मग पाचव्या ओळीत, डावीकडून तिसरा होता, त्यानं जमिनीवरचा हात उचलला. उचलला आणि पुढे टाकला. मग गुडघा. पितळ सतरंजीवर घासल्याचा बारीक आवाज येत होता, सर्र, सर्र. मधे दोघेतिघे आडवे होते, त्यांना त्यानं लाडवाच्या हातानं बाजूला सारलं. सतरंजीच्या सुरकुतीत एकदा अडकला, बसला, दम घेतला. आणि सरळ माझ्या तळहातावर चढून लोण्यात तोंड घातलं.

"काका, काहीतरीच हं," मृणाल म्हणाली. पण ती पुढे सरकून बसली होती.

"धोंडूनं डोळ्यांनी बघितलं."

"मग विचारते त्याला."

"चार वर्षांपूर्वी वारला बिचारा. नाहीतर मीच तुला त्याच्याकडे पाठवली असती."

पावणेचारला मी घरी होतो. देव जागच्या जागी मांडले. पंचपात्र घासलं. हळद, कुंकू, दोन जास्वंदी. बस आली. प्रमिला उन्हानं काळवंडली होती, आवाज बसला होता, हातात गंगेचा गडू. तिनं मला नीट बघितलंही नाही, पाय धुतले आणि आत गेली. मी तिच्या पुढे जाऊन देवघराच्या दारात उभा राहिलो. म्हटलं, तू दमली आहेस, प्रवासातून आली आहेस, देवांचं मी बघतो. आजच नव्हे, यापुढे रोजचंच. पूजा आता माझी.

तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं. मग म्हणाली, नमस्कार तरी करू द्याल की नाही. ते नाही म्हणता येईना. तिनं नमस्कार केला, बाळकृष्ण उचलून तळहातावर घेतला, जरा वेळ धरला आणि परत ठेवला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. इतक्या दिवसांनी भेट झाली, साहजिक होतं. मग गंगेचं पाणी तिनं मला दिलं आणि म्हणाली, घाला मग तुम्हीच.

त्या दिवसापासून आजपर्यंत आमच्याकडे पूजा मी करतो. पहिलं वर्षभर मी तिला देवघरात फारसं फिरकू दिलं नाही. देव घासायचे तरी मीच, उजळायचे तरी मीच. ती चिंच घेऊन आली की मी तिच्या हातून चिंच घ्यायचो. तिकडे सदाशिवनंही त्याच आठवड्यात पूजा स्वतःकडे घेतली, आणि नलूवहिनींनाही देवांना हात लावू देईना. योगायोग असतात.

सुरुवातीला खरं सांगायचं तर काहीच जमायचं नाही. गंध पातळ व्हायचं, फूल गळून पडायचं. मंत्र येत नव्हते म्हणून मी पोस्टातल्या गोष्टी सांगायचो देवांना. कुणाचं पत्र आलं, कुणाचं आलं नाही. पुढे कधी ते सगळं हातात बसलं ते कळलं नाही. बाळकृष्णाच्या उजव्या पोटरीवर एक खोलगट जागा आहे, तिथे अंगठा आपोआप टेकतो. आता आंधळा झालो तरी एकशे सदतीसांतून मी तो काढीन. सदाशिव गेला त्याच्या आदल्या दिवशीसुद्धा अंथरुणात बसून त्यानं त्याच्या बाळकृष्णाला पाणी घातलं होतं. देव-निवासाचं म्हणशील, तर यात्रेच्या बायका परत आल्या, त्यांनी दोन दिवसांत सतरंजीवरचे सगळे देव अंगठा फिरवून ओळखले, पदरात घातले आणि तुझ्या सासऱ्यांना जे बोलायचं ते बोलल्या. पुढे त्या मांडण्यांवर पत्रावळी ठेवायला लागले.

"तेव्हा सूनबाई," मी शेवट केला, "बटण दाबायला माझी ना नाही. पण जो माझ्या हाकेला सतरंजीभर रांगत आला, त्याला आता पाणी घालायला मी दुसऱ्याला कसा पाठवू?"

मृणालनं टॅब पिशवीत घातला. डोळे पुसले असतील, मी म्हातारा, मला नीट दिसत नाही. ती उठून उभी राहिली, तेवढ्यात समोरून आवाज आला.

"लोणी म्हणालात?"

प्रमिलानं गवारीचं ताट बाजूला ठेवलं होतं.

"लोणीच. गवळ्याकडचं."

"माझ्या बाळकृष्णाला लोणी कधी कुणी दाखवलंच नव्हतं. त्याला माझ्या आईपासून दूधसाखर. लोणी नलूकडच्याला. तिच्या सासूबाईंचं व्रत होतं रोजच्या लोण्याचं." तिनं पदराला हात पुसले. "लोण्याच्या वासानं आला ना? मग बरोबर आला. खटावकरांचा होता तो."

मृणाल खाली बसली. माझ्याकडे बघून मग तिच्याकडे बघत तिनं विचारलं, काकू, म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?

"उचलला तेव्हाच. नलूला तर त्याच्याही आधी, ती पळत माझ्याकडे यायला निघाली होती. संध्याकाळी विहिरीवर आम्ही ठरवलं, गुपचूप बदलून टाकू. पण दुसऱ्या दिवशी पहाटे बघते तर हे आंघोळ करून पाटावर. सतरा वर्षांत कधी नाही ते. समोर तिचेही बसलेले. नलू म्हणाली, प्रमिला, आज राहू दे, ज्या दिवशी हे दोघं पूजा सोडतील त्या दिवशी बदलू."

मी म्हटलं, "आणि आपला?"

"आपला मजेत आहे. दर गोकुळाष्टमीला मी नलूकडे पाळणा हलवायला जाते ती काय तिच्या सुंठवड्यासाठी?"